दार अक्काच उघडणार

महिना होत आला. मंडईतून आले, दोन्ही हातांत पिशव्या, कोपरानं बेल दाबली आणि दार उघडलं ते ह्यांनी. मला तिथंच कळलं. कारण आमच्या घराचं दार उघडायचं ते माझ्या नणंदेनं, अक्कांनीच, हा घरचा कायदा होता. आपण दाराला टेकून उभे असलो तरी आतून आवाज यायचा, "कुणी हात लावू नका, मी आले!" मग त्यांच्या चाकांच्या खुर्चीची करकर... आणि मग दार. सकाळीच मला "मेथी बघून घे गं, मागच्यासारखं गवत आणू नकोस" म्हणून बजावलं होतं. आणि मी परत येईपर्यंत बसल्या बसल्या गेल्यासुद्धा!

अक्का शाळेत गणित शिकवायच्या. स्कूटरवरून पडल्या आणि कमरेखालची सगळी ताकद गेली. आमचं जुनं घर गल्लीत. दाराला पायऱ्या, वर वीतभर उंबरा. बाहेर निघायचं तर दोन माणसं बोलवा, खुर्ची उचला. संडास मागच्या अंगाला, तिथंही पायरी. पाहुणे येणार असले की अक्का सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात! का, तर चारचौघांसमोर कुणी उचलून न्यायला नको. हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी उमगलं आणि रडूच फुटलं. त्याच म्हणाल्या, "रडतेस काय? घर बांधू या."

गावाबाहेर प्लॉट घेतला. पायासाठी चुन्याची फक्की मारली, तर बाई खुर्ची घेऊन त्या पांढऱ्या रेघांमध्ये शिरल्या. "ही न्हाणी ना? बघा, वळते का मी. नाही वळत. पुसा रेघ." मंद्रूपचे सिद्धप्पा मिस्त्री पुसून पुसून वैतागले. "बाई, असंच चाललं तर भिंतीच ऱ्हायच्या न्हाईत की!" आणि राहिल्या नाहीतच फारशा. बैठक, स्वयंपाकघर, देव, सगळं एका नजरेत. दाराची कडीसुद्धा खुर्चीवरून हात पोचेल इतकी खाली. ओटा तर इतका ठेंगणा की मी भांडले. "अक्का, मी काय रांगत स्वयंपाक करू?" "स्टूल घे. आपल्या भाकरीला कधी उभं राहावं लागलंय का?" घ्या! पण त्या दिवसापासून भाकऱ्या त्यांनी थापल्या. अशा पातळ, कडक, की माझ्या माहेरची माणसं बांधून न्यायची.

वास्तुशांतीला आधी अक्कांनी आत जायचं ठरलं होतं. मांडीवर कलश, नवी इरकल, स्वारी खुशीत. दाराशी आल्या आणि चाक अडलं. खाली नक्षीचा दगडी उंबरा! सिद्धप्पांनी आदल्या दिवशी स्वतःहून घडवून आणून बसवला होता. बिचारे हात जोडून म्हणाले, "उंबऱ्याबिगर लक्ष्मी कुटं थांबल, बाई? माझ्याकडनं आहेर हाय ह्यो." लगेच भाऊबंद सरसावले, "उचलून घेऊ की, त्यात काय!"

अक्कांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "खबरदार! उचलूनच जायचं होतं, तर जुनं घर काय वाईट होतं?" गुरुजी घड्याळ बघू लागले. "मुहूर्त जाऊ दे," म्हणाल्या. "माझ्या घरात मी माझी जाणार." अन् दारात खुर्ची लावून बसल्या. सिद्धप्पा डोळे पुसत छिन्नीनं उंबरा सोडवत होते. मुहूर्त टळला. जमीन सपाट झाली. अक्का एकट्या, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत आत गेल्या... आणि वळून आम्हाला म्हणाल्या, "या आता." त्या दगडाचं त्यांनी बाहेर बसायला बाक करून घेतलं. "लक्ष्मीला बसू द्या तिथं हवा खात!"

परवा सिद्धप्पा भेटायला आले. थकलेत, गुडघे गेलेत, हातात काठी. बेल वाजली. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. आतून "मी आले" ऐकू यायची वाट बघत बसलो, इतकी सवय. मग एकमेकांकडे बघितलं आणि मी उठले. ते आपल्याच दगडावर बसले होते. मी आधाराला हात पुढे केला, तर म्हणाले, "नको वैनी. हितं पाय उचलावाच लागत न्हाय." अन् फरशीवर पाय घासत, कुणाचा हात न धरता, आत आले. भाकऱ्यांच्या ओट्याकडे बघून तिथंच रडले.

नातेवाईक म्हणतात, दाराची कडी आता वर घ्या, वाकावं लागतं. मी वाकते.