शेवट आधी

"दिस हाय तवर जेवून घ्यावं, बाबा." नेमिनाथ अण्णांचं हे बोलणं गडहिंग्लजच्या पेठेत ज्यानं ऐकलं नाही, तो परगावचाच समजावा. खताच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते हेच सांगत, बोहल्यावरच्या नवरदेवालाही हेच. जैन माणूस, दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. डबा खायचा, मंदिरात आरतीला जायचं, तिथून घरी जाऊन झोपायचं. यात कुणाला काय अडचण असणार?

अडचण एकट्या ज्ञानूला होती.

ज्ञानू एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक, आणि 'गडगडाट' या रॉक बँडचा ड्रमर. अण्णा त्याच बँडमध्ये बास गिटार वाजवत. जाड तारांची ती गिटार कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येते. गावात हलगी होती, ढोल होते, सनई होती. रॉक तेवढं नव्हतं. ते या पोरांनी पंच्याऐंशी साली आणलं. पहिल्या दिवशी लोकांनी कानांत बोटं घातली, पण जागा कुणी सोडली नाही.

गडगडाटचं गाजलेलं गाणं एकच, 'तुरा आला उसाला'. अकरा मिनिटांचं. शेवटाला सगळी वाद्यं एकदम थांबतात, श्वासभर सगळं गप्प, आणि मग चौघांचा मिळून एकच दणका. हा दणका ज्ञानूनं रचलेला. शेतावरनं वीज कोसळावी तसा तो पडायला हवा होता. पण गाणं कार्यक्रमाच्या शेवटी, आणि तोवर अण्णा आरतीत. चाळीस वर्षांत चौघांचा दणका एकदाही पडला नाही.

एक्क्याण्णव साली इचलकरंजीत कॅसेटचं रेकॉर्डिंग ठरलं. यंत्रमागांना सुट्टी, गाव गप्प, म्हणून तो दिवस धरला. दुपारी वीज गेली ती पावणेसहाला आली, तोवर अण्णा डबा घेऊन उठले होते. कॅसेटवरचा दणका तिघांचाच आहे. बाकीच्यांना कळत नाही. ज्ञानूला त्यात विहिरीएवढं भोक ऐकू येतं.

अठ्ठ्याण्णवला कोल्हापूरचं नाट्यगृह भरलं. अण्णांनी गाण्याच्या मध्येच गिटार खाली ठेवली, लोकांना हात जोडले आणि चालू लागले. लोकांना वाटलं, ही स्टाईल. शिट्ट्यांनी छत हाललं. पुढं पुढं तर लोक त्यासाठीच येऊ लागले.

पंचविसाव्या वर्षी वारणानगरात ज्ञानूनं अण्णांचा डबाच लपवला. पहिल्या रांगेतून रत्नाबाई, म्हणजे अण्णांच्या मंडळी, उठल्या आणि पिशवीतून दुसरा डबा काढला. "मला ठावं हुतं, भावजी," म्हणाल्या.

आता चाळिसावं वर्ष. ज्ञानूचा खांदा गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं, हा एक कार्यक्रम, मग काठ्या खुंटीला.

ज्ञानू दुकानात जाऊन पोत्यावर बसला. "नेम्या, एक दिस उपाशी ऱ्हा की."

"उपास पर्युषणात. तुझ्या दणक्यासाठी उपास कुठल्या शास्त्रात हाय?"

"माझी शेवटची बारी हाय रे."

अण्णांनी तराजूतलं वजन उतरवून ठेवलं. "मग दुपारी घ्या की कार्यक्रम. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

दुपारी दोनची वेळ ठरली. चाळीस वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नव्हतं, देव जाणे.

पण कार्यक्रम म्हटला की पाहुणे आले. प्रमुख पाहुणे साडेचारला उतरले. मग सत्कार. एकवीस जणांना फेटे बांधायचे, आणि फेटा बांधणारा एकच. मग शाली, नारळ, भाषणं. पाहुण्यांनी कलेचं महत्त्व ऊसदरापासून सुरू केलं. ज्ञानू ड्रममागं बसून पश्चिमेकडं बघत होता. भाषण संपलं तेव्हा सूर्य डोंगरावर हातभर उरला होता, आणि अण्णांच्या मांडीवर डबा.

"किती येळ हाय तुझ्याकडं?" ज्ञानूनं विचारलं.

"जेवायचा येळ सोडला तर दोन मिंटं."

गायक राजवर्धननं कपाळाला हात लावला. "अकरा मिंटांचं गाणं दोन मिंटांत? झालं! ज्ञानबा, सोड आता."

जुन्या गिटारवाल्याच्या जागी आता राजवर्धनची लेक क्रांती होती. तिनं ज्ञानूकाकांचं तोंड बघितलं आणि गिटारचा पट्टा आवळला.

ज्ञानूनं काठ्या उचलल्या. "शेवट आधी वाजवायचा."

"आणि सुरवात?"

"सुरवात काय पळून जातीय व्हय? ती मागनं बघू."

अण्णांनी डबा खाली ठेवला, गिटार गळ्यात घातली. शेवटचं कडवं झालं. सगळं थांबलं. श्वासभर गप्प. आणि चौघांचा दणका पडला. पुढच्या रांगेत पाहुण्यांचा फेटा डोळ्यांवर आला. कार्यक्रम संपला समजून निम्मे लोक उठून उभे राहिले.

अण्णांनी गिटार ठेवली, डबा घेतला, हात जोडले. पायऱ्या उतरताना मागं न बघता म्हणाले, "बरा वाजीवतोस की रं, ज्ञान्या."

"काका, आता सुरवात करायची न्हवं?" क्रांतीनं विचारलं.

"थांब जरा," ज्ञानू म्हणाला. "त्याला वळणापतूर जाऊ दे."

फेटा तसाच, हातात डबा, कलत्या उन्हातून अण्णा दिस मावळायच्या आत जेवायला मंदिराच्या वाटेला लागले होते. ज्ञानू काठ्या मांडीवर ठेवून, ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला.