मावशीने बाई काढली

माझी मावशी एक नंबरची हट्टी. मी तिच्या तोंडावर म्हणते, तरी ती हसते. आमच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत बसून ती भुयारी रेल्वेची स्टेशनं कोरते. लिनोलियमचा तुकडा इस्त्रीने गरम करायचा, मऊ पडला की कोरायचा, मग शाई फासून वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. कोरलेलं पांढरं उमटतं, राहिलेलं काळं. तिचे खांब आणि कमानी बघताना जमिनीखालचा गारवा अंगावर येतो.

स्टेशनवाल्यांनी तिकीटखिडकीजवळच्या भिंतीसाठी एक मोठा छाप मागितला. मावशी हरखली. तिने सरकता जिना कोरला आणि त्याच्या पायथ्याशी, बारीक रेघांत, पोछा मारणारी एक बाई. ती बाई म्हणजे माझी आई. तिथली फरशी आईच पुसते आणि लोक तिच्याकडे न बघता त्या ओल्या फरशीवरून जातात.

नमुना बघायला स्टेशनचे साहेब घरी आले. कमानींचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग बोट ठेवलं. "फक्त ही बाई काढा. शोभा जाते."

शोभा म्हणे! एक दिवस फरशी पुसू नका, मग बघा शोभा.

आई तिथेच चहाचे कप उचलत होती. साहेबांनी तिला ओळखलंही नाही. ती कप घेऊन मोरीकडे गेली. माझं टाळकं सटकलं. मी तोंड उघडणार तोच मावशी गोड आवाजात म्हणाली, "काढते की."

ते गेल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. "भिंतीसाठी बहिणीला पुसून टाकतेस?" तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. इस्त्री तापवली, कोरणी घेतली आणि आईची अख्खी आकृती, डोक्यापासून पोछ्यापर्यंत, खरवडून काढली.

साहेब परत आले तेव्हा तिने त्यांच्यासमोरच कागद उचलला. काळ्याकुट्ट स्टेशनात आई पांढरीशुभ्र उभी होती, जिन्यापेक्षा ठळक.

"अहो, मी काढायला सांगितलं होतं!"

"काढलीच की! आणि कोरलेलं परत भरता येत नाही, साहेब. आता ही नको असेल तर सगळं स्टेशनच टाकून द्यावं लागेल. उद्घाटन परवा ना?"

साहेबांनी घाम पुसला. आई दारात येऊन छाप निरखत होती.

"जरा जाड दिसतेय मी," ती म्हणाली. "पण असू दे. लावा."

साहेबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वर करून बघितलं. मग शाई वाळायला किती वेळ लागेल, एवढंच विचारलं.