आज माझा कोड कर्नलमध्ये गेला!

मंडळी, सांगितल्याशिवाय राहवत न्हाय!

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरीच्या ज्या भागात लिहिता येतं, तिथलंच चालवताही आलं, तर घुसखोर आपला कोड तिथं लिहून चालवू शकतो. ते अडवणारी तपासणी मी लिहिली होती. पण पहिल्या खेपेला तिनं चांगला ब्राउझरही बंद पाडला आणि कर्नल सांभाळणाऱ्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी ती नाकारली. लई रडलेले तेव्हा.

आज येळ्ळूरच्या घरातून, ऑनलाइन, त्यांच्यासमोरच सुधारलेली तपासणी चालवली. ब्राउझर व्यवस्थित चालला. मग चाचणीसाठी लिहिलेला घुसखोर प्रोग्राम सोडला. कर्नलनं तो जागीच थांबवला! "घेतला तुमचा कोड," प्रमुख म्हणाले.

मी किंचाळलेच. माझी आक्का नर्स आहे. ड्युटीला निघालेली, ती चपलांसकट आत धावली.

"काय झालं गं?"

"माझा कोड घेतला! अपडेटबरोबर सगळीकडं जाणार."

"आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर बी?"

"व्हय की, तिथं बी हीच सिस्टीम हाय!"

आक्का माझा हात धरून म्हणाली, "पेशंटची सगळी माहिती असतीया गं त्यात. लई चांगलं केलंस."

खरं सांगू? इतके दिवस मला फक्त मेमरी दिसत होती. माणसं आज दिसली.

तुमचं काम कुणापर्यंत पोचतंय, हे तुम्हाला कधी असं अचानक कळलंय का?