धाकट्या जावेची सकाळ
सुकेळीचा गोड वास आला की मला सांडोरचं आमचं अंगण आठवतं. सुकेळीसाठी केळी सोलून वाळवायचे दिवस होते आणि माझी धाकटी जाऊ बाळंतपणापासून भिंतीकडे तोंड करून निजून असायची. सासूबाई तिला आळशी म्हणायच्या. वसईहून आलेल्या डॉक्टरांनी तिला हळूच विचारलं, "सकाळ फार जड जाते का?" ती रडतच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टर सासूबाईंकडे वळले, "हा आळस नाही, मनाचा आजार आहे. बरा होतो." ठाण्याच्या मनोरुग्णालयात तेव्हा नवे असलेले विजेच्या झटक्यांचे उपचार घेऊन दोन महिन्यांनी ती हसत घरी आली. सासूबाईंनी दारातच तिचे हात धरले, "माझं चुकलं गो." असं म्हणताना त्यांना मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि आता मी स्वतः सासू झाल्यावर, चूक कबूल करणं किती अवघड असतं ते कळतं, म्हणून त्या मला जास्तच आवडतात.