भवानीआधी उठायचं नाही

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी भाईंदरच्या एका बाजारात शेजारी शेजारी बसून मासळी विकली. उत्तनहून पहिली बस धरायची, टोपल्या मांडायच्या आणि भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नेम. भवानी झाली की गिऱ्हाईक लागायचं, मग उठणार कोण? बायकांना जायला जागाही नव्हती. म्हणून पाणीच प्यायचं नाही. आमच्या सासूनेही तेच केलं.

मग पालिकेने बायकांसाठी शौचालय बांधलं. चांगलं बांधलं, खोटं कशाला बोलू? नळाला पाणी, दाराला आतून कडी. काही दिवसांनी पालिकेची एक बाई पाहायला आली, तर आत कोणी नाही.

"मावशी, तुमच्यासाठीच बांधलंय. जात का नाही?" तिने जावेला विचारलं.

"जाऊन काय करू? पानीच पीत न्हाय, तं येल कुठून?"

सगळ्या हसलो. ती बाईही हसली आणि निघून गेली. पाणी का पीत नाही, हे तिने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. कोणी वापरत नाही म्हणून शौचालयाला कुलूप लागलं. पुढे दुकानदारांनी गाड्या लावायला जागा मागितली, तेव्हा ते पाडलं.

जावेला लघवीला सारखी जळजळ व्हायची. मेडिकलमधून गोळी आणायची, की पुन्हा टोपलीपाशी. असं करत किडन्या गेल्या. आता तिला डायलिसिसला नेतो. पाणी मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.

"वैनी, एक घोट दे गो."

"न्हाय. डॉक्टर मला वरडतील."

"तू पन डॉक्टरच झालीस मेली."

शौचालयाबरोबर दवाखान्यातली एखादी नर्स बाजारात बसवली असती, पाणी प्या म्हणून ओरडली असती, तर? ऐकलं असतंच असं नाही. पण ओरडायला कोणी नव्हतं, हेही खरं.

जावेने बाजारातल्या नव्या पोरींना माझ्या हाती निरोप धाडला, पानी प्या. त्या शहाण्या. लगेच बाटल्या आणू लागल्या. पण जायचं कुठे? कोपऱ्यावरचा हॉटेलवाला मासळीचा वास येतो म्हणून दारातूनच परत पाठवतो. परवा पाहून आले. बाजार उठायची वेळ झाली होती आणि बाटल्या भरलेल्याच होत्या.