ब्रेक सोडला तरी

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करणारा आणि मामी जन्मात लिफ्टमध्ये न बसलेली. नातेवाइकांना चघळायला याहून चांगला विषय नव्हता. ब्रेक गेला की सगळे धाडकन खाली, हे तिचं ठाम मत. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं, लिफ्ट एकटी लोंबकळत नसते, असं मामा वर्षानुवर्षं समजावत आला. पालथ्या घड्यावर पाणी.

मामा कामात भलताच काटेकोर. बाकीचे अंदाजाने वजन लावून मोकळे होत. हा मात्र लिफ्टमध्ये निम्मा भार भरायचा, ब्रेक सोडायचा, आणि लिफ्ट जराही वरखाली सरकेनाशी होईपर्यंत ती वजनं काढत-घालत बसायचा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की हलायला कारणच उरत नाही, म्हणायचा. आम्हाला त्याचं कौतुक कमी, कटकट जास्त. जेवण गार होत असायचं ना!

मग मामीचे गुडघे गेले आणि नेमकं घर मिळालं सहाव्या मजल्यावर. लिफ्ट मामानेच बसवलेली. सामान हलवायच्या दिवशी मी मामीला अक्षरशः ओढून लिफ्टमध्ये नेलं. आत आम्ही दोघी, दोन हमाल आणि तिचं लोखंडी पायांचं शिलाई मशीन. चौथा मजला सोडला आणि वीज गेली. मामीने माझा दंड असा आवळला की वळ उठले. आता ही पुन्हा लिफ्टचं नाव काढणार नाही, आणि जिने काही तिला चढवणार नाहीत. म्हणजे घर गेलंच, असं मला वाटलं.

मामा जिन्याने वर धावला. अशा वेळी वरच्या खोलीतून ब्रेक हाताने सैल करतात. जी बाजू जड, तिच्या ओढीने लिफ्ट सावकाश सरकते आणि मजल्याशी आली की थांबवतात. आम्ही वाट पाहिली. लिफ्ट ढिम्म.

थोड्या वेळाने पाचव्या मजल्याचं दार सरकलं आणि आमच्या डोक्यावरच्या वीतभर फटीतून मामाचा घामेजलेला चेहरा दिसला.

"ब्रेक पूर्ण सोडला होता, पण हलतच नाही," तो म्हणाला. "तुम्ही चौघं आणि मशीन, बरोबर निम्मा भार झालाय."

आपल्याच हाताचा काटेकोरपणा असा अंगाशी आलेला मामा मी पहिल्यांदाच पाहिला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

पाचव्यावर एका घरात फरशी बसवायचं काम चालू होतं. ब्रेक पुन्हा लागल्याची खात्री करून मामाने फटीतून एकेक फरशी आत सारली. हमालांनी त्या खाली रचल्या. आता आमची बाजू जड झाली. दार लावून मामा परत वर गेला, आणि लिफ्ट इतकी हळू खाली आली की चौथ्याचं दार उघडलं तेव्हाच कळलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि पोटभर रडले. असलं सुटल्याचं रडू फार बरं वाटतं.

मामी पायरीवर बसली होती. मामा खाली आला, तिच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, की आपण तळमजल्यावर घर बघू.

मामी त्याच्याकडे बघत राहिली. "मघाशी ब्रेक खरंच सोडला होता?"

"हो, पूर्ण."

"आणि आम्ही आत होतो."

"हो गं."

वीज आली. हमालांनी फरशा बाहेर काढल्या. मामाने जिन्याकडे नेण्यासाठी तिला हात दिला. ती त्याच हाताला धरून उठली आणि लिफ्टमध्ये शिरली.

"मला वाटायचं, ते वजनाचं तुम्ही नुसतं धीर द्यायला सांगता," ती म्हणाली. "चला, घर लावायचंय."

स्वतः बसवलेल्या लिफ्टमध्ये मामाला सहाचं बटण सापडेना. डोळे भरून आले होते त्याचे. शेवटी मीच दाबलं.