खेळात वहिनी म्हणायचं नाही

वसंताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, वहिनी गेली," एवढंच म्हणाला. ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या भावाची बायको गेली. गेली ती त्याची सख्खी आई. पण आमच्या घरात तिला आई कोणी म्हणतच नव्हतं. मी तिचा धाकटा दीर, मी वहिनी म्हणायचो. माझं ऐकून तिची दोन्ही मुलं वहिनी म्हणायला लागली, पुढे सून आली तीही वहिनीच म्हणू लागली, आणि नातवंडांनी तर कमाल केली, तिची 'वहिनीआजी' करून टाकली! या गोष्टीला आता महिना होऊन गेला. लिहायला बसलोय खरा, पण तिचं नाव लिहायचं म्हटलं तर क्षणभर आठवावं लागतंय.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वहिनीचे वडील हरसूलकडे जंगलखात्यात कारकून होते, त्यामुळे पोर मोकळ्या हवेत वाढलेली, झाडाबिडावर चढणारी. आणि येऊन पडली कुठे, तर नाशकात तांबट आळीला लागून असलेल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. दिवसभर हंडे-घागरींवर ठोके चाललेले. हाक मारायची तर ठोक्यांच्या वर आवाज चढवावा लागे, आणि माझा आवाज तेव्हाही काही कमी नव्हता. "वहिनी, भूक!" "वहिनी, माझी टोपी!" सकाळपासून माझा हा धोशा. मी अर्ध्या चड्डीत, नाक पुसायची अक्कल नाही, आणि ती मला मानाने 'भाऊजी' म्हणायची. नशीब माझं, तिच्या मुलांनी तेवढं उचललं नाही.

मग वसंता झाला. साल आता नक्की आठवत नाही, एकोणीसशे तीस उलटलं होतं एवढं खरं. तो बोलायच्या बेताला आला तशी वहिनी चुलीपुढे त्याला मांडीवर घेऊन हळूच शिकवायची, "म्हण, आ... ई." मी पाटावर बसून ऐकत असायचो. आणि एक दिवस पठ्ठ्या स्वच्छ 'आई' म्हणाला, पण म्हणाला कोणाला, तर माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला! त्याचं तरी काय चुकलं? दादा आणि मी तिलाच आई म्हणणार, घरात आई एकच. आईने कौतुकाने अख्ख्या आळीत पेढे वाटले. वहिनीही हसली. दुसरा शब्द आठवड्याभरात आला, 'वईनी'.

त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर आपल्याच पोराचे लाड करायचे नाहीत, अशी रीत होती. दादा कचेरीतून आला की पोराकडे न बघता पाय धुवायचा, आणि आमचे बाबा बाहेर पडले की मग त्याला खांद्यावर घेऊन नाचायचा. वहिनीला मोकळीक मिळायची ती दुपारी, आई रामाच्या देवळात पुराण ऐकायला गेल्यावर. तोवर कुसुमही झाली होती, चांगली बोलू लागली होती. शेजारच्या तांबटाने उरल्यासुरल्या पत्र्याची इवली इवली भातुकली करून दिली होती. ती मांडायची, चुरमुऱ्यांचा भात, गूळ-दाण्यांची भाजी. मी तेव्हा चांगला मॅट्रिकला, मिसरूड फुटलेलं, तरी पाहुणा होऊन जेवायला बसायचो. चुरमुरे कोणाला नको असतात? खेळात वहिनी व्हायची आई आणि पोरं व्हायची तिची मुलं. म्हणजे जे होतं तेच. पण नियम कडक होता. "खेळात वहिनी म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने सगळी भांडी घासायची." वसंता दर दोन घासांनी चुकायचा आणि राखेत हात घालून रडकुंडीला यायचा. कुसुम मात्र हुशार. "आई, भात. आई, पाणी. आई, वसंता मला चिडवतो." प्रत्येक हाकेला वहिनी "ओ" द्यायची. एकदाच दिली तर भागेल ना? पण नाही, प्रत्येक हाकेला ओ. मला गंमत वाटायची, की ही एवढी मोठी बाई खेळायला कशी कंटाळत नाही!

एकदा पुराणिकबुवांचा घसा बसला म्हणून आई लवकर परतली. उंबऱ्यातच तिच्या कानावर आलं, "आई, अजून वाढ ना!" ती लगबगीने म्हणाली, "आले रे बाळा, काय हवं?" वसंताने मान वर केली. "तुला नाही गं. ही खेळातली आई."

मला हसू आवरेना. वहिनीचा चेहरा मात्र पार उतरला, चोरी पकडल्यासारखा. माझी आई वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू? ती तिथेच टेकली, पदराने वारा घेत म्हणाली, "खेळा की. पण खेळापुरतंच हं. घरात दोघी आया झाल्या तर पोरांनी हाक कोणाला मारायची?" झालं. ओरडणं नाही, आदळआपट नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वहिनी सागरगोटे घेऊन बसायला लागली. कुसुमने भातुकलीचा हट्ट धरला तर म्हणाली, "तुम्ही मांडा, मला निवडण आहे."

पुढे आई गेली, आणखी काही वर्षांनी दादाही गेला. एकदा मीच म्हणालो, "वहिनी, आता सांग की पोरांना आई म्हणायला." ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "सांगून म्हणवून घ्यायचं का भाऊजी? आणि पोरांच्या तोंडाला आता वळण पडलंय. त्यांनी मनाने म्हटलं तर देईन ओ." मीही तिच्यासमोर बसून शेंगा फोडायला लागलो.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. आमचे नेहमीचे उपाध्ये आजारी होते, त्यांच्या जागी एक तरुण गुरुजी आले होते, घरची माहिती नसलेले. दर्भ मांडता मांडता त्यांनी विचारलं, "कोण गेलं आपलं?"

"वहिनी," वसंता म्हणाला.

"अरेरे. मुलगा नव्हता का त्यांना? हे मुलाने करायचं असतं."

"मीच मुलगा."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुमची आई गेली. मग आई म्हणा की हो! नातं चुकलं तर पाणी कोणाला पोचायचं? आईचं नाव घ्या आणि सोडा पाणी."

वसंता पन्नाशीचा, डोक्याचा तुळतुळीत गोटा, ओंजळीत पाणी घेऊन उभा. तोंड उघडायचा, मिटायचा. शब्द काही येईना. पाणी बोटांतून गळून गेलं, गुरुजींनी पुन्हा घातलं. "म्हणा..." आणि मग त्याने ज्या आवाजात 'आई' म्हटलं, तो कुंडावरच्या परक्या माणसांनीही वळून पाहावं असा होता. एकदा म्हणाला आणि मग थांबेचना. पाणी सोडायचं राहिलं बाजूला, नुसता आई, आई करत राहिला. गुरुजींनी मंत्र थांबवले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला रडू फुटलं... कारण पोराने शेवटी मनाने हाक मारली होती, आणि ओ द्यायला ती नव्हती.